ताळा

तार्तूत नोव्हेंबरचा दिवस साडेतीनलाच मिटतो.
विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात,
विर्वे लेपासार स्वेटरच्या बाह्या वर सारून
दोन ओळींचं पत्र तिसऱ्यांदा वाचते:
वर्षअखेर आम्ही प्रकाशन थांबवत आहोत.
आजवरच्या साथीबद्दल आभार.

शेवाळांवरचं एक त्रैमासिक.
वाचक किती असतील, मी विचारतो.
"एका बसमध्ये मावतील," ती म्हणते,
"आणि मागची सीट रिकामी राहील."

पूर्वी बरं होतं, असं ती म्हणत नाही.
पूर्वी अंक टपालाने यायचा, शिक्का बसायचा,
प्रकाशक बुडाला तरी फडताळातलं परत मागायला
कुणी येत नसे.
मग आपण दर वर्षी पैसे भरत गेलो
आणि घरी काहीच आणलं नाही.
दुसऱ्याच्या खिडकीत दिवा दिसत होता,
त्याचं भाडं, बस.

म्हणून हे सात जण.
विर्वे त्यांना यंत्रं म्हणत नाही, शेजारी म्हणते.
एक इथे जिन्याखाली, ज्याच्या पंख्याची धूळ मी काढतो.
एक बर्गनला, एक डंडीला,
एक पार तिकडे ड्युनेडिनला, जिथे आत्ता उन्हाळा.
प्रत्येकाकडे तेच अंक, कुलूपबंद;
मूळ मालक आहे तोवर कुणी उघडायचे नाहीत, असा करार.

ठरल्या रात्री ते एकमेकांना विचारतात:
अकराव्या खंडाची तुझी बेरीज किती आली?
सहा जणांचा ताळा जुळतो.
सातव्याचा चुकतो,
कुठेतरी एखादं शून्य उभं राहून राहून
एक झालेलं असतं.
वाद होत नाही. सातवा म्हणतो, दे तुझी प्रत,
आणि मुकाट्याने उतरवून घेतो.
प्राध्यापकांच्या बैठकीत विर्वेने
असं कधी पाहिलेलं नाही.

पण यादी लावताना तिचं बोट थांबलं.
सातवा खंड, तिसरा अंक.
नाही.
बर्गनला नाही, डंडीला नाही, जिन्याखाली नाही.
सातही शेजारी चौदा वर्षं
त्या नसण्याचा ताळा
एकमताने, बिनचूक जुळवत आलेले.

प्रकाशक म्हणाला, आम्हाला वाटलं तुमच्याकडे असेल.
आम्हाला वाटलं होतं त्यांच्याकडे.
व्होरूजवळच्या खेड्यात लेम्बित पिहेल,
जुने संपादक, वय एक्क्याऐंशी,
फोनवर बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले.
मग म्हणाले, छापखान्याची कच्ची प्रत होती बहुतेक.
शेवाळ दाबायला घेतली होती.

पार्सल आलं त्याला ओल्या लाकडाचा वास.
पानापानात काहीतरी दबून गेलेलं,
सुटं झालं की टेबलावर हिरवी भुकटी.
एक्केचाळिसाव्या पानावर, तक्त्याच्या अगदी मध्ये,
एका फांदीचा तपकिरी ठसा,
जिचं वर्णन त्याच पानावर आहे.
मी म्हणालो, हा डाग पुसता येईल, दोन मिनिटांचं काम.
विर्वेने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पंख्याची धूळ काढायला गेलो.

परवानगी तीस डिसेंबरला आली, संध्याकाळी, दोन शब्दांत:
हरकत नाही.
तिने उलट उत्तरी आभार मानले, की नाही,
मला ठाऊक नाही. ती कोट शोधत होती.

त्या रात्री सात जागी तो अंक पोचला.
मी थांबलो होतो, उगाच.
बर्गनने विचारलं, डंडीने सांगितलं,
ड्युनेडिनला तेव्हा सकाळ झालेली.
एकेक आकडा येत गेला
आणि जुळला,
डागासकट.

उद्यापासून मालक नाही, म्हणजे कुलूपही नाही.
बसमधली ती माणसं
आता केव्हाही येऊ शकतात.
मी जिन्याखालचा दिवा तसाच ठेवला.