एकाच नाटकाचे तीन प्रयोग

पत्रकावर 'प्रयोग' असं छापलेलं बघून
कांजूरमार्गच्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणाला,
"आमचा की तुमचा?"
तळपदे मॅडम हसल्या नाहीत. त्या मोजत होत्या
रांगा, दारं, छताच्या जाळ्या,
कुठली हवा ओढते, कुठली नुसती धूळ धरून बसलीय.

शनिवारी पूर्ण घर. रविवारी एक सोडून एक खुर्ची, अर्धे आत, अर्धे दुपारच्या खेळाला.
पुढच्या शनिवारी तोंडावर मास्क आणि दारं उघडी,
बाहेरच्या रिक्षांसकट.
प्रेक्षक तेच, चारशे बारा,
सकाळी नाकात काडी घालून घेतलेले, सगळे निगेटिव्ह,
गळ्यात आगपेटीएवढं यंत्र:
कोण कोणाच्या दीड मीटरच्या आत, किती मिनिटं.
तळहातांना आम्ही एक द्राव लावत होतो,
साध्या उजेडात दिसत नाही, वास किंचित लिंबाचा.
"मेंदी छे?" फिरोजा बाटलीवालांनी विचारलं,
वय चौऱ्याहत्तर, मराठी नाटक पहिल्यांदाच,
आल्या होत्या विज्ञानासाठी, आणि फुकट वड्यासाठी.

वडा.
खरं तर अहवाल तिथेच संपायला हवा होता.
अडीच तास माणसं गपचूप समोर बघतात
आणि मधल्या पंधरा मिनिटांत
एका बशीभोवती सात, चटणीच्या पातेल्यात एकच चमचा,
"ओळखलंस का?" म्हणत तोंडाजवळ तोंड.
संगणकावर ठिपक्यांना ठिपके चिकटत गेले,
गुळाला मुंग्या लागाव्यात तसे.

माझ्याकडे कणमापक होता. एच रांग, मधली वाट.
दर सहा सेकंदांनी एक आकडा.
पहिल्या शनिवारी नऊ चौदाला रेघ एकदम उभी राहिली.
मॅडम म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल, तो आकडा काढून टाक.
मी म्हटलं, तेव्हा सासरा कपाटातून बाहेर येतो
आणि सुनेलाच विचारतो, पाव्हणे गेले का?
चारशे बारा तोंडं उघडली होती.
माझंही. तेही त्यात आलं असणार.

रविवारी तोच सासरा, तेच कपाट.
के रांगेत कुणीतरी हसलं,
शेजारी रिकामी खुर्ची,
तिच्यापलीकडचा माणूस वळून बघतो तोवर
हसू मधेच पडलं.
रेघ जेमतेम टाचा उचलून परत खाली बसली.
अहवालासाठी हे चांगलंच होतं.
विंगेत सासरा मिशी काढून हातात धरून उभा होता,
विचारत होता, आज काय चुकलं?

तिसऱ्या खेळाला मास्कआतून हसले.
उशीतून यावा तसा आवाज, पण आला, सगळ्यांचा, एकदम.
रेघ मात्र रविवारएवढीच.
हे मी दोनदा तपासलं.

रात्री साडेदहानंतर दिवे घालवायचे
आणि निळा दिवा घेऊन रांगेरांगेतून फिरायचं.
हात लागले तिथे हिरवट उजळतं.
दोन खुर्च्यांमधला सामाईक दांडा, त्यावर दोघांची ओढाताण.
जिना. नळ. बाल्कनीच्या कठड्यावर
कुणीतरी बोटांनी धरलेला ठेका.

दारावरचे कोयंडे अभ्यासात नव्हते.
एकतीस वर्षं तिकिटं फाडली, या वेळी फाडायला तिकीटही नाही.
टॉर्च विझवून ते माझ्या मागे मागे.
"गावी असं रात्री विंचू शोधतात," म्हणाले.
मी वळले, दिवा त्यांच्या अंगावर गेला.
खाकी सदरा, डावा खांदा,
पाच बोटं, पूर्ण पंजा, अंगठा मानेकडे.

"कुणी ठेवला?"
त्यांना आठवेना. नाटक सुटलं, पायरी, काळोख,
कुणी आधार घेतला असेल. किंवा सहजच.
तक्त्यात रकाने होते: धातू, लाकूड, काच, कापड.
मी कापडाखाली एक लिहिलं.
कोयंडे मान वाकडी करून बघत होते,
दिसेना, तसे स्वतःभोवतीच फिरले एकदा.
शेवटी मी फोटो काढून दाखवला.
"हात लहान आहे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने,
"हे धुतलं की जाईल ना?"

साध्या साबणाने जातं, मी म्हटलं.
आमच्या पत्रकात तसं लिहिलेलंच आहे.