जाळीपोट

मोरणी उतार उतरेना.
पंचगंगेच्या घाटावर बाकीच्या म्हशी
नाकापर्यंत पाण्यात गेल्या,
ही वरच्या पायरीवर पुढचे दोन पाय टेकून
तशीच उभी, कोपरं बाहेर काढून.
"माज आलाय," इराप्पामामा म्हणाला.
काठी उगारली, मारली नाही.

रात्री गोठ्यात एक आवाज कमी.
आम्ही गवळ्यांची पोरं रवंथावर झोपतो,
आठ जबडे, ओल्या खडीवरून कुणी सावकाश चालावं तसे.
त्या रात्री सात.
आईनं आधी ओळखलं. दिवा न लावता उठली,
डाव्या भकाळीत मूठ दाबून बसली.
"कणकेगत लागतंय," म्हणाली,
"बोट रुततंय, वर येत नाही."

गंगावेशीतल्या कट्ट्यावर तालमीतलं पोरगं
ग्लास पुढं करून म्हणालं, मोरणीचं द्या.
मामानं आचळ ओढलं.
फेस आला नुसता.
पोरगं तोही प्यालं, आणि पैसे पुरे दिले.

नेर्लेकर डॉक्टरांनी पाठीला चिमटा काढला.
धड जनावर पाठ खाली घेतं.
हिनं घेतली नाही, कण्हली फक्त,
जिन्यात म्हातारं माणूस कण्हतं तशी.
गळ्याची शीर दाव्याएवढी टम्म.
छातीशी यंत्र धरलं, तर ते ओरडलं.
"चार पोटं. त्यातल्या दुसऱ्याला जाळी असते,
जडशीळ काही गिळलं की तिथं जाऊन पडतं.
पुढं एक पातळ पडदा.
पडद्यापलीकडं काळीज."
मग ते हात धुवायला गेले
आणि साबण उगाच फिरवत राहिले.

तार कसली?
कुणी म्हणालं कडब्याच्या पेंडीची,
कुणी म्हणालं उकिरड्यावरची.
पाडव्याला शिंगं मी रंगवली होती.
मोरपिसं मी बांधली होती, तारेनं,
दोऱ्यानं बांधली की पळताना सुटतात.
मिरवून आली तेव्हा डावं शिंग मोकळं होतं.
पीस गव्हाणीत सापडलं.
तार मी शोधली नाही.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक
काठीला बांधून मी रोज वैरणीतून फिरवतो.
मामा म्हणतो, हुशार झालं पोरगं.
कधी खिळा, कधी टाचणी, बहुतेक दिवशी काहीच नाही.
पण टिक् असं वाजलं
की दावणीतल्या साती म्हशी
चावायच्या थांबतात
आणि माझ्याकडं बघतात.