मांडीवरचा धागा

आई कोसा कातते मांडीवर.
सोसायटीचा चरखा आला होता, पायानं फिरवायचा,
तिनं दोन दिवस फिरवला,
आता त्यावर कोंबड्या बसतात.
उजव्या मांडीला राख लावून
तळहातानं धागा वळते.
पंचेचाळीस वर्षांत तिथं एक पट्टा पडलाय
वैनगंगेतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

माझा गुडघा मात्र चोविसाव्या वर्षीच गेला.
वैरागडला, मंडईतल्या कबड्डीच्या सामन्यात,
एक पाय बोनस रेषेवर, दुसरा गर्रकन फिरला.
ओली काडी मोडावी तसा आवाज,
मलाच ऐकू आला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
कूर्चा निघालीय, रुपयाएवढी.
तिथं रक्त पोचत नाही, म्हणून आपोआप भरत नाही.
टेलवरच्या बांधीसारखं, आई म्हणाली,
कालवा हाय, पानी येत नाही.
बाई हसल्या नाहीत.
तसंच, म्हणाल्या.

मग डबीतली जाळी दाखवली,
मातकट, पावाच्या तुकड्यासारखी भोकाभोकांची.
यात तुझ्याच पेशी पेरायच्या.
त्या धरतील, वाढतील, जाळी विरत जाईल.
अजून चाचणी आहे. होईलच असं नाही. सही लागेल.

आईनं डबी नाकाशी नेली.
कायची जी?
रेशमाची.
कोन्त्या रेशमाची?
बाईंनी कागद चाळले, बराच वेळ.
टसर.
म्हंजे कोसा.
उकळतात, गोंद काढतात, धुतात, विरघळवून पुन्हा...
राखेच्या पान्यात?
सोड्याच्या.
आमीबी करतो, आई म्हणाली, आणि खुर्चीत नीट बसली.
मग एकदम:
अन् आतला किडा? फोडून उडाला का शिजला?

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
मी सही केली.

सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता.
ऐनावर अळ्या असताना पाळतात
ते सगळं आईनं घरात पाळलं.
मासोळी बंद. डोक्याला तेल नाही.
चपला आंगणाबाहेर.
कुणी मोठ्यानं हाक मारली की
बाबा गुलेल घेऊन उठत, सवयीनं,
जणू खाटेवर कावळा उतरलाय.
मी पडून छताच्या कवेलूंतली
उजेडाची भोकं मोजायचो,
आणि गुडघ्यात काय काय धरत असेल
याचा अदमास घ्यायचो. काहीच कळायचं नाही.
खाज यायची फक्त, तीही पट्टीखाली.

वर्षानं पुन्हा फिल्म.
जाळी दिसत नाही, बाई म्हणाल्या.
भरलंय बरंच. सगळं नाही.
कबड्डी? त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
बघू.

आता मी मैदानाच्या कडेला गुण लिहितो.
उकिडवं बसता येतं,
उठताना हात टेकावा लागतो कधी कधी, कधी नाही.

काल दुपारी आईनं कामातून मान वर केली.
ये इकडं. वाकव.
कोसा कानाशी हलवून बघतात
आतला जिता हाय का,
तसा तिनं माझा गुडघा दोन्ही हातांत धरला,
हलवला,
कान लावला.

काही बोलली नाही.
चिमूटभर राख घेतली
आणि तुटलेलं टोक शोधू लागली.