आधी कुठं, मग कुठून

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर
सेलूच्या जिनिंगमध्ये काबराशेठनी
वजनकाट्याशेजारच्या खोलीला फरशी बसवून घेतली,
आणि हैदराबादहून तीन खोकी उतरली.
सोबत मोईजभाई, ब्रेकच्या डब्यात, खोक्यांना टेकून.
"झोपलो नाही रातभर," म्हणाले,
"हिचं डोकं नाजूक असतंय."

जिनिंगमध्ये बी.कॉम. मी एकटीच,
म्हणून मला बसवलं.
दोन फटी तिला, ए आणि बी.
ए मध्ये तिची अक्कल घालायची,
बी मध्ये आमचा कापूस.
बटण दाबलं की घरघर, मग खरखर,
मग काळ्यावर हिरवा एक ए,
त्याच्यापुढं उघडी चोच,
आणि पुढं काहीच नाही.
"आता?"
"आता ती वाट बघायली."
"कुणाची?"
"तुमची, मॅडम."
तोवर मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

रोज सकाळी सगळं विसरलेली असायची,
कालची आवक, कालच्या गाठी, मीसुद्धा.
तारीख तर तिला माहीतच नव्हती,
ती मी वहीत लिहायचे, शाईनं.
नावाला घरं आठच. त्यात
ढेंगळी पिंपळगावातलं ढेंगळी तेवढं मावलं.
तिथल्या एका गाडीवानानं खिडकीतून पडदा बघितला,
मी वाचून दाखवलं,
तर म्हणाला, "अन् पिंपळगाव कुठं गेलं, बाई?"
मला उत्तर आलं नाही.

चकती बदलली की सांगावं लागायचं तिला,
दोन बोटांनी, कंट्रोल आणि सी,
नाहीतर रुसायची:
वाचीन म्हणायची, लिहिणार नाही.

ऐन पौषात एकदा पडद्यावर आलं
बीडॉस एरर ऑन बी.
मी मोठ्यानं वाचलं, चूक माझीच.
दारात लिंबाजी मुकादम.
"बीडहून काय म्हणायलंय?"
मी काही बोलायच्या आत तो अर्ध्या वाटेवर.
गेटपाशी जाईतो झालं होतं
बीडला खरेदी बंद पडली,
रस्त्यावर जाईतो झालं होतं
उद्या इथंही पडणार.
दिवेलागणीला गाड्यांची रांग पार स्टेशनापर्यंत,
बैलांच्या घंटा, शिव्या, एक बाळंतीणसुद्धा गाडीत,
आणि काबराशेठ ओट्यावर उभे, हात जोडून,
"बाबांनो, बीड नाही, बी! बी!"
कुणाला पटणार?

मोईजभाईंनी फट उघडली.
आत रुईचा एक तंतू, पापणीच्या केसाएवढा.
स्पिरिटात बोळा बुडवून पुसला,
बोळाही कापसाचाच.

त्या रात्री प्रती काढल्या आम्ही, अकलेच्या आणि आवकेच्या.
हुकूम उलटा लिहायचा असतो, ते म्हणाले,
आधी कुठं जायचं ते,
मग बरोबरचं चिन्ह,
मग कुठून.
मला हसू आलं.
आमच्याकडं पाहुणे येतात
ते पाणी प्यायच्या आधी विचारतात, तुम्ही कुठले?
"हिला त्याचं काही नसतंय," मोईजभाई म्हणाले,
आणि दिवा गेला.
केलेलं सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

तीन हंगामांनी दुसरं यंत्र आलं,
त्याची अक्कल त्याच्याच पोटात,
ते सकाळी उठल्याबरोबर तारीख विचारायचं.
जुनं यंत्र पेंढीच्या गोदामात गेलं,
मोईजभाई शारजाला.

एक चकती माझ्याकडं राहिली.
लेबलावर त्यांचं अक्षर: अक्कल, दुसरी प्रत.
काळ्या पाकिटाला आता बुरशीचे ठिपके आहेत,
आणि वाचणारं कुणी नाही.
त्यात ढेंगळीच्या त्या गाडीचं वजन असेल,
नसेलही.

औरंगाबादच्या एका बँकेचा फॉर्म मी
त्याच टेबलावर भरला होता.
छापील रकाने वरून खाली होते,
सध्याचा पत्ता, मग इच्छित ठिकाण.
मी खालचा रकाना आधी भरला.
वरचा बराच वेळ तसाच होता.
बाहेर काट्यावर कुणीतरी वजन ओरडत होतं,
आकडा नीट ऐकू आला नाही.