उरलेली ताटं

पंचफुला मडावी शाळेत खिचडी शिजवते.
बावीस वर्षं. चुलीच्या जागी गॅस आला,
हात तोच: मुठीने तांदूळ, नजरेने मुलं.
पोळा झाला की भांड्याच्या तळाशी
खिचडी उरायला लागते.
कोणाला विचारावं लागत नाही तिला.
कपाशीवर फवारणी सुरू झाली.

हजेरीपटात सगळे हजर.
गुरुजींचा पेन उदार आहे.
पालथ्या ताटांना तशी लाज नाही.
खडूच्या तुकड्याने ती भिंतीवर रेघा ओढते,
भाद्रपदभर रोज अकरा.

आशाताई इंदू नगराळे गोळ्या वाटत आली,
रेघांपाशी थांबली.
"हे काय व माय?"
"न आलेले."
इंदूच्या वहीत दुसरी यादी होती:
डोळ्यांची आग, ओकाऱ्या,
बोटांची सोललेली सालं, वय तेरा, वय अकरा.
नावं जुळली,
आणि मोहीम (हा शब्द फार नंतर आला)
भांडी घासायच्या दगडावरून उठून चालू लागली.

कृषी केंद्राचा गुल्हाने म्हणाला,
"मी पोट्ट्याच्या हाती बाटली देनं बंद करतो,
पण मंग थो सायखेडच्या दुकानात जाईन.
माहं गिऱ्हाईक गेलं, पोट्टं थोडंच वाचलं?"
बरोबर होतं त्याचं. राग यावा इतकं बरोबर.
म्हणून दोघी सायखेडला गेल्या,
सायखेडचा बोट दाखवी वडगावकडे,
वडगावचा तांड्याकडे.
बोटांमागे चालता चालता पाच गावं झाली.

तांड्यावर रेवा नाईक हसला,
"पाणीच तं वाहाले नेतात लेकरं."
इंदूने रिकाम्या डब्यावरचा लाल त्रिकोण दाखवला.
तसाच डबा त्याच्या दारात होता,
पिण्याचं पाणी भरलेला.
नाईक मग काही बोलला नाही,
बैठकीला मात्र सगळ्यांच्या आधी आला.

समाजमंदिरात पाच गावांना एकच सतरंजी.
गुरुजींनी आईबापांवर ढकललं,
आईबापांनी मुकादमावर.
ढोके मुकादम म्हणाला,
"मोठ्याले चारशे, लहान्याले दीडशे.
हिशेब मले नोका शिकवू."
कोणी ओरडलं,
"आमीबी लहानपनी हेच केलं, मेलो का?"
कोपऱ्यात शालिक कोतवालाचा भाऊ खोकत होता,
थांबेचना.

तेव्हा पंचफुलाने पोतं उघडलं.
एकेक ताट मांडत गेली,
दहा.
अकरावं हातातच धरून उभी.
"हे जयपालचं. माह्या लेकाचं.
मीच धाडलं त्याले.
मानधन चार महिने नाही आलं."
ताटाच्या कडेला खिळ्याने कोरलेलं नाव
तिच्या अंगठ्याखाली होतं.

त्यानंतर चूक कोणाची हे कोणी विचारलं नाही,
किती लागतील, एवढंच विचारलं.
बचत गटातल्या बाया म्हणाल्या,
मोठ्यांची टोळी करू, चष्मे-हातमोजे घालून,
पंपामागे वीस रुपये जास्त.
"वीस?" म्हणून दोघे शेतकरी उठून गेले,
एक परत आला.
गुल्हाने हातमोजे उधार द्यायला तयार झाला, व्याज सोडून.
गुरुजींनी हजेरीपट मागवला
आणि खोट्या हजेऱ्यांभोवती लाल गोल काढले,
नोकरी जाईल इतके.

यंदाच्या भिंतीवर
कुठे तीन रेघा, कुठे सात.
सायखेडला मागच्या दाराने बाटली मिळते अजून.
मानधन अजून आलेलं नाही.
जयपाल शेवटच्या रांगेत बसतो,
मीठ कमी हाय म्हणतो, दुसऱ्यांदा वाढून घेतो.

परवा एकही रेघ नव्हती.
भांडं खरवडूनही मूठभर निघालं नाही,
आणि पंचफुला उपाशी राहिली.
आता ती येताना
पदरात भाकर बांधून आणते.