चौथी ओळ

बसमाच्या यंत्राला माझं बोट ओळखू येईना.
खिडकीतला पोरगा म्हणाला, पुसा, परत ठेवा.
पुसलं. ठेवलं.
काचेखालचा हिरवा दिवा काही लागला नाही.

त्याला कुठल्या अरबीत सांगू,
की रेषा गोळ्यांनी खाल्ल्या?
सकाळी तीन, रात्री तीन, चौदा दिवस, मग सात सुट्टी.
तळवे आधी लाल झाले, मग सोलले,
मग तान्ह्याच्या टाचेसारखे गुळगुळीत.
नाव यामिनी टिपणीस, राहणार फरवानिया,
शुवैखला फरशांच्या कंपनीत हिशेब लिहिते,
आणि आज पुराव्यादाखल माझ्याकडे मी नाही.

परवा डॉक्टर बुदूर ओळी मोजत होत्या.
पहिली : लाल औषध. लघवीसुद्धा लाल.
दुसरी : दर आठवड्याला; बोटांना मुंग्या,
नऊचा आकडा काढताना पेन निसटायचं.
तिसरी : या गोळ्या.
फुप्फुसात तरी दोन ठिपके नवे.
जातच निराळी, म्हणाल्या, फार थोड्यांना होते.
छातीतल्या पेशी मधेच ठरवतात
आपण हाड व्हायचं, कूर्चा व्हायचं,
विझा ट्रान्सफर न करताच.

मग चौथी.
एक औषध प्लॅटिनमचं.
(लग्नात सोनंसुद्धा दीड तोळाच घातलं होतं, आई.)
एक समुद्रातल्या स्पंजावरून उचललेलं,
आता कारखान्यात होतं,
पाच मिनिटांत शिरेतून जातं.
आणि एक, काहीच न घेण्याचं.
ते त्यांनी सगळ्यात हळू सांगितलं.

हेरंबनं विचारलं, टक्के किती?
शंभरात दहा-बारा.
तो मान हलवत राहिला,
दुकानदारानं भाव कमी करावा म्हणून हलवतो तशी.

येताना फिंतासला गाडी थांबवली.
ओहोटी होती. वाऱ्यात वाळू.
चिखलात प्लॅस्टिकची एक चप्पल, खेकडे, बाकी काही नाही.
इथे कुठे असणार स्पंज.
तरी बघत उभी राहिले,
म्हटलं, ज्याच्या भरवशावर जायचं
त्याचं घर तरी बघावं.

"डोळा," पोरगा म्हणाला.
"बोट नाही तर डोळा द्या."
पापण्यांना केस नाहीत, वरून पाणी गळतं.
यंत्रानं बराच वेळ निरखलं.
दिवा लागला.

कार्ड हातात आलं, गरम.
मुदत : एक वर्ष.
हिशेबनीस आहे मी, आकडा दोनदा तपासते.
दोनदा तपासला.
मग डॉक्टरांना फोन लावला :
स्पंजवालं. मंगळवारी चालेल,
सोमवारी महिनाअखेर आहे.