सामायिक भिंत

एकोणीस नंबर, टेंटर रो.
दारावरचा लाल रंग पोपडे धरून बसलेला,
मागची गल्ली एवढी अरुंद, की कचऱ्याच्या दोन डब्यांनी
एकमेकांना वाट द्यावी.
एक लाख अठरा हजार पौंड.
अकरा वर्षं बस चालवली मी त्या आकड्याच्या दिशेनं,
गिरणी ते इस्पितळ, इस्पितळ ते गिरणी.
गिरणीत आता फ्लॅट आहेत.
ते मला परवडत नव्हते.

एजंट कॅलम, पायात टोकदार बूट,
म्हणाला, खोल्या लहान आहेत, पण उबदार.
सर्व्हेअर म्हणाला, ही ऊब नव्हे, ओल आहे.
त्यानं भिंतीला दोन सुया टोचल्या
आणि यंत्र कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटलं.
बासष्ट पानांचा अहवाल:
स्लेटच्या फरश्या घसरतायत,
धुराडं मागच्या अंगाला कललंय,
तातडीचं काही नाही, पण लक्ष असू द्या.
(माझ्या आईबद्दल डॉक्टर हेच म्हणायचे.)

मग जुना दस्त, अठराशे एक्याण्णवचा.
या जागेत डुकरं पाळू नयेत,
चरबी उकळू नये,
विटा भाजू नयेत.
मी तिन्हींवर सही केली.
डुकराचा विचार त्याआधी कधी मनात आला नव्हता,
सही केल्यावर दोन दिवस येत राहिला.

विकणारीचं नाव डोरीन क्लेग.
अठ्ठेचाळीस वर्षं इथे, आता वृद्धाश्रमात.
तिच्या भाचीनं फॉर्म पाठवला, अक्षर मात्र डोरीनचंच,
थंडीत कुडकुडल्यासारखं.
शेजाऱ्यांशी वाद? नाही.
आवाजाचा त्रास? नाही.
पडदे: ठेवून जात आहे.
गालिचा: ठेवून जात आहे.
चमचा: ठेवून जात आहे.

चमचा?

निजायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी,
खिळ्याला सुतळीनं टांगलेला, लाकडी.
ढवळून झिजावा तसा कडेनं नव्हे,
पाठीवर झिजलेला.
मी तो काढला आणि त्यानं रंगाचा डबा ढवळला.

पहिल्या रात्री, दहाला, तीन ठोके.
दुसऱ्या रात्री, दहाला, तीन.
वहीत लिहिलं: पाइप? बॉयलर?
तिसऱ्या दिवशी प्लंबर आला, नॅथन, याच रस्त्यावर वाढलेला.
त्यानं रेडिएटरला हातसुद्धा लावला नाही.
"पाइप नाही गं. तो विल्फ आहे.
सतरा नंबरचा विल्फ सग्डन.
दहाला तो ठोकायचा, मग डोरीन ठोकायची.
म्हणजे दोघंही आहेत."
मी म्हटलं, तिला जाऊन पाच महिने झाले.
"हो," नॅथन म्हणाला, "त्यालाही ठाऊक आहे."
आणि साठ पौंड घेऊन गेला.

भिंतीला कान असतात, हे ऐकून होते.
बोटांची पेरंही असतात,
हे बासष्ट पानांत कुठेच नव्हतं.

सकाळी अंगणात विल्फ दिसला,
टोपी, काठी, हातात दुधाची रिकामी बाटली.
मला वाटलं, काहीतरी बोलेल.
म्हणाला, "डबे मंगळवारी."
आणि आत गेला.

दस्तात लिहिलंय, मधली भिंत सामायिक:
अर्धी वीट त्यांची, अर्धी माझी,
डागडुजीचा खर्च निम्मा निम्मा.
त्या रात्री दहाला तीन ठोके आले.
चमच्यावरचा रंग अजून सुकला नव्हता.
किती वेळा ठोकायचं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं,
डोरीनचा आकडा मी कसा वापरू.
मी दोनदा ठोकलं.
कागदावर पांढरे दोन ठिपके उठले,
डोरीनच्या गुलाबांच्या कागदावर.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
खोकला. पलंगाची कुरकुर.
मग एकच ठोका.

ती चूक दुरुस्त केली होती
की नवा हिशेब सुरू झाला होता, कोण जाणे.
आज मंगळवार.
मी दोन्ही घरांचे डबे बाहेर ठेवलेत.